वाटेत घडणारे कण

सूर्यावर ज्वाला भडकते, तिथून विद्युतभारित कण सुटतात आणि काही वेळाने ते पृथ्वीपाशी येऊन पोहोचतात, असे वर्णन वर्तमानपत्रांतून आणि शाळेच्या पुस्तकांतून इतक्या वेळा आले आहे की ते आता कोणाला खटकत नाही. या वर्णनात सगळी घडामोड सूर्यावर होते. मधल्या पंधरा कोटी किलोमीटरना काहीच काम उरत नाही. हे चित्र अपुरे आहे आणि त्याच्या अपुरेपणाची किंमत व्यवहारातही मोजावी लागते, असे माझे म्हणणे आहे. उपग्रहांना आणि अंतराळवीरांना ज्यांची धास्ती असते त्या वेगवान कणांपैकी फार मोठा वाटा ज्वालेच्या जागी तयार होत नाही. सूर्याजवळ जन्मून पृथ्वीपर्यंत आणि तिच्याही पलीकडे धावत जाणाऱ्या आघात तरंगांवर, म्हणजे वाटेवर, तो घडतो. हे एकदा मान्य केले की नुसता सूर्य पाहत बसणे पुरत नाही, वाट मोजावी लागते. आणि तीही खंड न पडू देता, पिढ्यान्‌पिढ्या मोजावी लागते. या म्हणण्याचा सगळ्यात जुना पुरावा कोणत्याही अवकाशयानाने आणलेला नाही. कोकणातल्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत, तो शंभराहून अधिक वर्षे कागदावर उमटत आला आहे.

अलिबागची ही नोंद खरे तर मुंबईतून तिथे गेली. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होऊ लागल्या. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावरच्या डागांच्या एका समूहात अचानक झगमगलेला पांढरा उजेड पाहिला. त्यानंतर साडेसतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ सुरू झाले. त्या काळी कुलाब्याचे मोजमाप डोळ्यांनी वाचून वहीत लिहिले जाई. वादळात क्षितिजसमांतर चुंबकीय घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेल्याची नोंद तिथे झाली. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यापासून दूर, उष्ण कटिबंधातल्या वेधशाळेची त्या वादळाची इतकी मोलाची नोंद दुसरी नाही. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना व शोभना अॅलेक्स यांनी ती पुन्हा अभ्यासली आणि त्या वादळाच्या तीव्रतेचा अंदाज तिच्याच आधारे बांधला. पंधरा कोटी किलोमीटर साडेसतरा तासांत, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला २३०० किलोमीटरच्या वर. जे आले ते नुसता उजेड किंवा सुटे कण नव्हते. पदार्थाचा आणि चुंबकीय क्षेत्राचा एक प्रचंड लोट पुढचे सगळे रेटत आला होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार हे स्पष्ट झाले. रुळांतून जमिनीत मुरणाऱ्या विजेने कुलाब्याच्या चुंबकसूचींना निरुपयोगी करून टाकले असते. तेव्हाचे संचालक नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस, त्या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक, यांनी समुद्रापलीकडे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी केली. १९०४ मध्ये तिचे काम सुरू झाले, आणि मूस यांनी कुलाबा लगेच बंद केला नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले, म्हणजे जुन्या आकड्यांना नव्या आकड्यांशी जोडता येईल. या निर्णयाकडे मी पुढे परत येणार आहे, कारण माझ्या दृष्टीने तो या साऱ्या विषयातला सगळ्यात शहाणा निर्णय आहे. १८४६ ते १९०५ या काळातल्या कुलाब्याच्या नोंदी मूस यांनी १९१० मध्ये दोन खंडांत छापल्या. त्यांत केवळ आकडे नाहीत. वादळांचा स्वभाव कसा असतो याची चर्चा आहे. बहुतेक मोठी वादळे एकाएकी सुरू होतात हे अशा नोंदींतून ठळकपणे दिसते. क्षितिजसमांतर घटक आधी उडी मारून वर जातो, काही काळ वरच राहतो, मग खोल घसरतो आणि सावकाश, कित्येक दिवस घेत, पूर्वपदावर येतो.

त्या पहिल्या उडीकडे बारकाईने पाहायला हवे. अलिबागसारख्या ठिकाणी ती काही दहा नॅनोटेस्लांची असते आणि दोन ते पाच मिनिटांत पुरी होते. १९५० च्या दशकाच्या आरंभी खगोलशास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांनी याच गोष्टीवर बोट ठेवले. सूर्यापासून वायूचा ढग निघून दोन दिवसांनी पृथ्वीपाशी येत असेल, तर इतक्या प्रवासात त्याची पुढची कड विस्कटायला हवी. हिशेब सोपा आहे. ढगाच्या पुढच्या भागातल्या कणांच्या वेगात नुसता पाच टक्के फरक असला, तरी ४८ तासांच्या प्रवासानंतर पहिला आणि शेवटचा कण यांच्या येण्यात दोन तासांहून अधिक अंतर पडेल. मग चुंबकसूची दोन तास हळूहळू चढायला हवी. ती तर दोन-चार मिनिटांत चढते. म्हणजे वाटेत असे काहीतरी आहे जे पुढची कड सतत धारदार ठेवते. असे करणारी एकच गोष्ट भौतिकशास्त्राला ठाऊक होती, ती म्हणजे आघात तरंग. सूर्याकडून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा झोत, म्हणजे सौरवारा, अजून कोणी प्रत्यक्ष मोजलेला नव्हता, पहिला कृत्रिम उपग्रह उडायचा होता, आणि तरीही जमिनीवरच्या कागदांतून सूर्य-पृथ्वीमधल्या अवकाशाविषयी इतका नेमका निष्कर्ष निघाला. १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर २ या यानाने ७ ऑक्टोबरला असा तरंग प्रत्यक्ष ओलांडला. सौरवाऱ्याचा वेग, घनता आणि चुंबकीय क्षेत्र एका झटक्यात वाढले, आणि काही तासांनी पृथ्वीवरच्या वेधशाळांनी आपली नेहमीची उडी नोंदवली. गोल्ड यांचे अनुमान खरे ठरले.

तरंग म्हणजे नेमके काय घडते ते समजायला रायगड जिल्ह्यातल्याच कोलाडची कुंडलिका नदी उपयोगी पडते. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून पाणी सुटले की ही नदी फुगते. त्याच पाण्यावर कोलाडचे राफ्टिंग चालते. खडकावरून उतरणारे उथळ पाणी इतक्या वेगाने धावते की पाण्यावरच्या लाटांनाही त्याच्या उलट दिशेला चढता येत नाही. पुढे अडथळा आहे याची वर्दी मागच्या पाण्याला लाटांमार्फतच मिळणार. लाटच पोहोचत नाही म्हटल्यावर पाणी बेसावध येते आणि एका रेषेवर अचानक मंद, खोल आणि फेसाळ होते. त्या रेषेच्या अलीकडे वेग जास्त आणि खोली कमी, पलीकडे वेग कमी आणि खोली जास्त. सूर्यावरून सुटलेला द्रव्याचा लोट सेकंदाला हजार किलोमीटरने निघतो, त्याच्या पुढचा सौरवारा सुमारे चारशेने जात असतो, आणि त्या वाऱ्यातून दाबाची व चुंबकीय क्षेत्राची वर्दी नेणाऱ्या लहरी मात्र पृथ्वीच्या आसपास सेकंदाला पन्नास ते शंभर किलोमीटरपेक्षा फारशा वेगाने जात नाहीत. म्हणून लोटाच्या पुढे अशीच एक रेषा, खरे तर एक विशाल वक्र पृष्ठभाग, तयार होतो. त्या पृष्ठभागावर बसून पाहिले तर समोरून वेगवान, विरळ, थंड सौरवारा येतो आणि मागे मंद, दाट, तापलेला होऊन जातो.

इथवर साम्य ठीक आहे. पण खरा प्रश्न जिथे साम्य तुटते तिथे सुरू होतो. नदीच्या त्या रेषेवर पाण्याचे रेणू एकमेकांना आदळतात, वेगाची ऊर्जा खळबळीत आणि उष्णतेत जिरते. पृथ्वीजवळच्या सौरवाऱ्यात एका घन सेंटिमीटरमध्ये पाच-दहाच प्रोटॉन असतात. एका प्रोटॉनला दुसऱ्यावर आदळायला सरासरी जे अंतर जावे लागेल ते सूर्य-पृथ्वी अंतराच्या जवळपास आहे. म्हणजे वाटभर टक्कर जवळजवळ होतच नाही. मग वेग कसा मंदावतो, उष्णता कुठून येते? १९५० च्या दशकात कित्येक जाणत्या भौतिकशास्त्रज्ञांना टकरींवाचून आघात तरंग ही कल्पनाच अशक्य वाटत होती, आणि त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. त्याचे उत्तर असे निघाले की टकरींचे काम विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे करतात. काही प्रोटॉन तरंगाच्या पृष्ठभागावरून परतवले जातात, चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेतात, त्यांच्यामुळे लहरी उठतात आणि त्या लहरी बाकीच्यांची दिशा विस्कटतात. ऊर्जा जिरते, पण कोणी कोणावर आदळलेले नसते. या फरकाला फार महत्त्व आहे. जिथे टकरी असतात तिथे ऊर्जा सगळ्यांत वाटली जाते आणि कोणताही एक कण फार पुढे जाऊ शकत नाही. जिथे टकरी नाहीत तिथे मूठभर कण बाकीच्यांपेक्षा शेकडो, हजारो पट ऊर्जा गोळा करू शकतात आणि ती टिकवूही शकतात. टकरी नाहीत म्हणून तरंगच असू शकत नाही असे ज्यांना वाटत होते, त्यांनी ज्या गोष्टीला अडचण मानले तीच कणांच्या प्रवेगाचे मूळ कारण आहे.

ती ऊर्जा कशी गोळा होते? एन्रिको फर्मी यांनी १९४९ मध्ये विश्वकिरणांच्या उगमासाठी एक कल्पना मांडली होती: आकाशगंगेत इतस्ततः फिरणाऱ्या चुंबकीय ढगांवरून कण परतत राहिले तर समोरून येणाऱ्या ढगाकडून त्यांना ऊर्जा मिळते, पळणाऱ्या ढगाकडून ती जाते, आणि सरासरीने थोडी मिळकत उरते. ही मिळकत फारच तुटपुंजी होती. १९७७ आणि १९७८ या दोन वर्षांत क्रिम्स्की, अॅक्सफर्ड आणि त्यांचे सहकारी, बेल, तसेच ब्लँडफर्ड व ऑस्ट्रायकर यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ओळखले की आघात तरंगावर तोटा करणारी बाजूच नसते. तरंगाच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही बाजूंना चुंबकीय लहरी आहेत आणि त्या दोन्हींचे प्रवाह एकमेकांकडे सरकत आहेत. पृष्ठभाग ओलांडून गेलेला कण पलीकडच्या लहरींमुळे परत फिरतो तेव्हा त्याला ऊर्जा मिळते. अलीकडे येऊन पुन्हा फिरतो तेव्हाही मिळते. दर फेरीत मिळकत थोडी, पण नेहमी मिळकतच. त्याच वेळी दर फेरीत काही कण प्रवाहाबरोबर मागे वाहून जातात आणि खेळातून बाद होतात. या दोन गोष्टींच्या मेळातून जी ऊर्जेची वाटणी निघते ती एका साध्या घातनियमाने मांडता येते, आणि तो घात तरंगापाशी वायू किती पट दाबला जातो एवढ्यावरच अवलंबून असतो. वायू दाबला जाण्याचे हे प्रमाण कितीही बलवान तरंगातही चारपटीपलीकडे जात नाही. दूरदूरच्या, परस्परांशी संबंध नसलेल्या जागी कणांच्या ऊर्जेची वाटणी एकसारखी का दिसते, हे त्यामुळे उलगडले. चुंबकीय क्षेत्र तरंगाच्या पृष्ठभागाला समांतर असेल तेव्हा आणखी एक प्रक्रिया चालते: कण पृष्ठभागावरूनच सरकत जातो आणि तिथल्या विद्युत क्षेत्रातून थेट ऊर्जा घेतो. एकाच तरंगाच्या वेगवेगळ्या भागांत हा कोन वेगळा असतो, म्हणून दोन्ही प्रक्रिया शेजारी शेजारी चालू शकतात.

सिद्धान्त देखणा आहे म्हणून तो स्वीकारावा असे माझे म्हणणे नाही. पुरावा काय आहे? २८ सप्टेंबर १९६१ रोजी सूर्यावर ज्वाला भडकली. एक्स्प्लोरर १२ या उपग्रहाला त्यानंतर वेगवान प्रोटॉन दिसले, त्यांचा ओघ चढून ओसरू लागला. ३० सप्टेंबरला तरंग पृथ्वीपाशी आला, चुंबकसूचींनी उडी घेतली आणि त्याच सुमारास तुलनेने कमी ऊर्जेच्या प्रोटॉनांचा ओघ पुन्हा एकदा जोरात वाढला. सगळे कण सूर्यावरच सुटले असते तर दोन दिवसांनी, आणि तेही तरंगाबरोबरच, हा दुसरा चढ येण्याचे काही कारण नव्हते. पुढे अशा घटना शेकडोंनी नोंदल्या गेल्या. सौरवाऱ्यातल्या प्रोटॉनची ऊर्जा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आतबाहेर असते. तरंगापाशी भेटणाऱ्या प्रोटॉनांची लाखांत, कित्येकदा कोटीत.

याहून बोलका पुरावा कणांच्या जातकुळीत सापडतो. लोखंडाचे अणू सौरज्वालेच्या एक कोटी अंशांच्या तापमानात असले तर त्यांचे वीसच्या आसपास इलेक्ट्रॉन गळून पडतात. लहान, झटपट उरकणाऱ्या सौरघटनांतून आलेल्या लोखंडाच्या आयनांत नेमके असेच दिसते. पण दिवसेंदिवस चालणाऱ्या मोठ्या घटनांत, जिथे कणांची संख्या सगळ्यात जास्त असते, लोखंडाचे दहा ते चौदाच इलेक्ट्रॉन गेलेले आढळतात. हे सूर्याच्या बाह्य वातावरणाच्या, म्हणजे प्रभामंडलाच्या, दहा-वीस लाख अंशांच्या तापमानाशी जुळते. म्हणजे हे कण ज्वालेच्या भट्टीत कधी शिरलेच नव्हते. शांत पडलेल्या द्रव्यातून जाणाऱ्या तरंगाने त्यांना उचलले. त्याहून पुढची गोष्ट मिहिर देसाई, ग्लेन मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसीई या यानाच्या मोजमापांतून २००० नंतरच्या काळात दाखवली. सौरवाऱ्यात अगदी दुर्मीळ असलेला हेलियम-३ वाटेतल्या तरंगांपाशी अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात सापडतो. हा हेलियम आधीच्या लहान ज्वालांतून सुटून अवकाशात रेंगाळत राहिलेला असतो. एकच इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियमही तिथे भेटतो, आणि तो तर सूर्याचा नसतोच. ताऱ्यांमधल्या अवकाशातून सूर्यमालेत शिरलेला असतो. तरंग आपल्या वाटेत जे थोडे आधीच तापलेले, चपळ कण सापडतील त्यांना उचलतो. सूर्यावर बसून कितीही बारकाईने ज्वाला पाहिली तरी दोन दिवसांपूर्वीच्या दुसऱ्याच ज्वालेचे किती कण वाटेत शिल्लक आहेत हे कळणार नाही. माझ्या मुद्द्याचा गाभा इथे आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की काही घटनांत अब्जावधी इलेक्ट्रॉन-व्होल्टचे कण ज्वालेनंतर काही मिनिटांतच पृथ्वीवर पोहोचतात आणि जमिनीवरच्या उपकरणांनाही दिसतात. २० जानेवारी २००५ ची घटना अशीच होती. तेव्हा तरंग सूर्याच्या अगदी जवळ होता. मग वाटेची कथा तिथे कशी लागू पडते? हा आक्षेप गंभीर आहे आणि तो काही अंशी मान्यच करायला हवा. ज्वाला स्वतः कण प्रवेगित करतात यात शंका नाही. त्या एका घटनेत दोघांचा वाटा किती यावर अजून वाद आहे. पण तरंगही सूर्यापासून काही लाख किलोमीटरवरच जन्मतो. प्रभामंडलातून बाहेर जाताना तो जी रेडिओ गर्जना करतो ती १९४० च्या दशकाच्या अखेरपासून ऐकली जाते आहे. तिथे चुंबकीय क्षेत्र बलवान असते, फेऱ्या झटपट होतात, म्हणून सर्वाधिक ऊर्जेचे कण तिथेच घडतात. जसजसा तरंग दूर येतो तसतसे क्षेत्र क्षीण होते आणि घडणाऱ्या कणांची ऊर्जा घटते. वाट सूर्याच्या उंबरठ्यापासूनच सुरू होते. शिवाय २००६ मध्ये सोडलेल्या स्टीरिओ यानांच्या जोडीने दाखवले की एकाच घटनेचे कण सूर्याभोवती अर्ध्याहून अधिक वर्तुळात पसरलेले सापडू शकतात. ज्वालेचा एक ठिपका एवढे पसरवील हे मानणे कठीण; रुंद तरंगाला त्याची अडचण कमी पडते.

दुसरा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो: पुष्कळ तरंग पृथ्वीजवळून जातात आणि अधिक ऊर्जेच्या कणांत काहीच वाढ दिसत नाही. हे खरे आहे, आणि सिद्धान्ताची सुबक आवृत्ती त्यामुळे अडचणीत येते. वायू दाबण्याचे प्रमाण आणि वेग सारखे असलेले दोन तरंग घ्यावेत, एकापाशी कणांचा पूर यावा आणि दुसऱ्यापाशी शांतता असावी, असे वारंवार घडते. व्हॉयेजर १ ने डिसेंबर २००४ मध्ये आणि व्हॉयेजर २ ने ऑगस्ट २००७ मध्ये सौरवारा जिथे अखेर मंदावतो तो सीमेवरचा तरंग ओलांडला. तिथेच एका विशिष्ट जातीचे विश्वकिरण घडत असतील अशी दशकांची अपेक्षा होती. प्रत्यक्ष ओलांडताना तशी चिन्हे दिसली नाहीत. उलट २३ जुलै २०१२ च्या विलक्षण वेगवान लोटात, जो सुदैवाने पृथ्वीकडे न येता स्टीरिओ-ए यानाकडे गेला, वेगवान कणांचा दाब चुंबकीय क्षेत्राच्या दाबालाही मागे टाकून गेला. घडलेल्या कणांनी आपल्याला घडवणाऱ्या तरंगाचेच रूप बदलले. या सगळ्याचा अर्थ प्रक्रिया खोटी आहे असा होत नाही. चुंबकीय क्षेत्राचा कोन, आधीच्या कणांचा साठा, लहरींची तीव्रता, तरंगाच्या पृष्ठभागावरचे खाचखळगे, या सगळ्यांवर ती अवलंबून आहे असा होतो. आणि यातली एकही गोष्ट सूर्याच्या छायाचित्रात दिसत नाही. आक्षेप जितका खोल नेला तितका तो वाट मोजण्याच्या बाजूने बोलू लागतो.

मग कोणी म्हणेल, हे सारे ठीक, पण कोकणातल्या माणसाचे यात काय अडते? २४ मार्च १९९१ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी नऊनंतर असाच एक तरंग पृथ्वीच्या चुंबकावरणावर आदळला. जपानच्या काकिओका वेधशाळेत सुमारे २०० नॅनोटेस्लांची, म्हणजे नेहमीच्या कितीतरी पट, उडी नोंदली गेली. त्या वेळी क्रेस हा उपग्रह पृथ्वीच्या दोन प्रारण पट्ट्यांमधल्या रिकाम्या जागेतून जात होता. काही मिनिटांतच तिथे दीड कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरातले इलेक्ट्रॉन येऊन बसले आणि एक नवा पट्टा तयार झाला. तो पुढे कित्येक महिने टिकला. जी जागा सुरक्षित म्हणून धरलेली असते ती एका तरंगाने चार-दोन मिनिटांत धोक्याची करून टाकली. दर्यावर जाणाऱ्या मच्छीमाराच्या हातातले दिशादर्शक, हवामानाचा अंदाज, बँकांचे व्यवहार हे सगळे उपग्रहांना बांधलेले आहेत. १० मे २०२४ च्या रात्री भारतीय वेळेनुसार साडेदहाच्या सुमारास तरंग येऊन थडकला तेव्हा तो आणखी एका मोठ्या वादळाचा आरंभ ठरला, आणि लडाखच्या हानले इथून आकाशात तांबूस प्रकाश दिसला.

त्या वेळी भारताचे स्वतःचे उपकरण वाटेवर होते. आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर सूर्याच्या बाजूला आपल्या कक्षेत स्थिरावले. त्यावर पुण्याच्या आयुकाने घडवलेली सूर्याची अतिनील दुर्बीण आहे. तिची छायाचित्रे सगळीकडे झळकली, आणि ती झळकावीत अशीच आहेत. पण त्याच यानावर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे स्टेप्स नावाचे उपकरण आहे, सहा दिशांनी येणारे वेगवान कण मोजणारे. १० सप्टेंबर २०२३ पासून, यान अजून पृथ्वीच्या आसपास असतानाच, त्याने मोजायला सुरुवात केली. त्याचे आलेख वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येत नाहीत. तरी माझ्या मते अवकाशातल्या हवामानाच्या दृष्टीने त्याची योग्यता त्या छायाचित्रांहून कमी नाही. तरंग तिथून पृथ्वीपर्यंत यायला अर्ध्या तासापासून तासाभराचा अवधी घेतो. पण त्याच्यापाशी घडलेले कण त्याच्या कित्येक तास आधी पुढे निसटतात. त्यांचा चढता आलेख वाचता आला तर इशारा मिनिटांवरून तासांवर जातो. हे वाचन अजून भरवशाचे झालेले नाही. ते व्हायला हवे असेल तर नाना स्वभावांचे असंख्य तरंग एकाच पद्धतीने मोजलेले हाताशी हवेत.

इथे अलिबागचे काम पुन्हा पुढे येते. जमिनीवरची उडी ही सौरवाऱ्याच्या दाबात किती वाढ झाली याच्याशी ठरलेल्या नात्याने बांधलेली असते. दाबाच्या वर्गमुळात जितका फरक तितकी उडी. अलिबाग चुंबकीय विषुववृत्तावरच्या तीव्र विद्युतप्रवाहाच्या पट्ट्याबाहेर आहे आणि ध्रुवीय गोंधळापासूनही लांब, म्हणून तिथली उडी तुलनेने स्वच्छ असते. प्रत्येक उडीमागे आघात तरंगच असतो असे नाही. दाबात अचानक बदल घडवणारे दुसरे प्रवाहही असतात. वेगवान कण किती होते हेही चुंबकसूची सांगू शकत नाही. या मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट उरते: अवकाशयानांकडे साठेक वर्षांची नोंद आहे आणि कुलाबा-अलिबागकडे पावणेदोनशेहून अधिक वर्षांची. २०१२ सारखा लोट शतकात एखाददुसऱ्या वेळी पृथ्वीकडे येत असेल, तर साठ वर्षांच्या नोंदीवरून त्याची शक्यता ठरवणे धाडसाचे आहे. जुन्या उड्यांचा एकेक कागद संख्यांत उतरवून घेणे, आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या, म्हणजे रायगड जिल्ह्यातच नवीन पनवेलला मुख्यालय असलेल्या संस्थेच्या, या कामाला उपग्रहाइतकेच महत्त्वाचे मानणे, हे त्यावरचे खर्चाला हलके आणि फळाला मोठे उत्तर आहे.

आणि मूस यांचा तो निर्णय. आदित्य-एल१ चे नियोजित आयुष्य पाच वर्षांचे आहे. यान त्याहून अधिक टिकेलही. पण त्यानंतर काही वर्षांची फट पडली आणि मग नवे, अधिक चांगले उपकरण गेले, तर दोघांच्या आकड्यांची सांधेजोड कोणालाही करता येणार नाही. वेगवान कणांच्या मोजमापात प्रत्येक संवेदकाची जाण निराळी असते, ती काळानुसार बदलतेही. शेजारी ठेवून एकाच तरंगावर पडताळल्याशिवाय दोन उपकरणांचे आकडे एका मालिकेत बसत नाहीत. परदेशी याने तिथे आहेत, त्यांच्याशी तुलना होईल हे खरे, पण त्यांतली काही १९९० च्या दशकात सोडलेली आहेत आणि त्यांचा भरवसा किती दिवस धरायचा? आदित्य काम करत असतानाच त्याच्या वारसाने त्याच जागी पोहोचावे आणि निदान दोन वर्षे, कुलाबा आणि अलिबाग यांनी केले तसे, दोघांनी एकच सौरवारा मोजावा. त्याची आखणी आत्ताच सुरू करायला हवी, कारण यान बांधून उडवायला लागणारी वर्षे आदित्यच्या उरलेल्या वर्षांहून अधिक आहेत.